प्रमाणश्रुती : ऐंशीला एक एवढा फरक

संगीतविषयक मराठी लेखनात ‘बावीस श्रुती’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो वाचताना फूटपट्टीवरील बावीस सारख्या खुणा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. श्रुती म्हणजे स्वर मोजण्याचे एखादे माप असावे, असा समज माझ्या विद्यार्थ्यांतही मला आढळतो. श्रुतींमध्ये सर्वांत लहान मानल्या जाणाऱ्या प्रमाणश्रुतीचा उलगडा केला, म्हणजे हा समज का टिकत नाही ते कळते.

षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा आहे असे धरू. मग मध्यम ३२० चा, पंचम ३६० चा आणि चढा रिषभ २७० चा येतो. आता धैवत हवा आहे. रिषभाला षड्ज मानून त्याचा पंचम घेतला, म्हणजे २७० ची दीडपट केली, तर धैवत ४०५ चा येतो. मध्यमाला षड्ज मानून त्याचा गोड गंधार घेतला, म्हणजे ३२० ची सव्वापट केली, तर तो ४०० चा येतो. दोन्ही धैवत नैसर्गिक, दोन्ही सुरेल. तरी ते एक नव्हेत. त्यांचे प्रमाण ८१ : ८० आहे. ऐंशी आंदोलनांमागे एका आंदोलनाचा हा फरक म्हणजेच प्रमाणश्रुती.

हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा हा जेमतेम पाचवा हिस्सा. पण तो कानाला जाणवतो. वरील दोन्ही धैवत एकत्र वाजवले तर नाद सेकंदाला पाच वेळा कमी-जास्त होत डुलतो. एकाच्या जागी दुसरा लावला, तर ज्याला आपण कणसूर म्हणतो तो अनुभव येतो. समान बारा भागांत लावलेल्या हार्मोनियमचा धैवत सुमारे ४०३.६ चा असतो. तो या दोहोंपैकी एकाशीही जुळत नाही.

ही कल्पना जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन सारख्या वीणा षड्जग्रामात जुळवून, त्यांपैकी एकीचा पंचम उतरवून ती मध्यमग्रामात आणायला सांगितले आहे. असे केल्याने त्या वीणेवर रिषभ आणि पंचम यांचा संवाद साधतो. पंचम जेवढा उतरला, तेवढी प्रमाणश्रुती. भरताने येथे आकडे दिलेले नाहीत. त्याने कानाला पटणारा संवाद हीच कसोटी ठेवली. ८१ : ८० हे गणित पुढच्या अभ्यासकांचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हा प्रश्न गणिताच्या अंगाने मांडला. त्यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघाले. ई. क्लेमेंट्स यांनीही त्याच दिशेने काम केले आणि त्यांतून श्रुतींची हार्मोनियम आकाराला आली. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींची चर्चा झाली. भातखंडे यांनी मात्र रागांच्या मांडणीसाठी बारा स्वरच पुरेसे मानले.

नैसर्गिक प्रमाणांवर आधारलेली जी बावीस श्रुतींची यादी आज बहुधा दिली जाते, तिच्यातील अंतरे तीन प्रकारची आहेत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, तर सुमारे २२ भागांची दहा, ७० भागांची पाच आणि ९० भागांची सात अंतरे येतात. म्हणजे ‘एक श्रुती चढा’ एवढेच लिहिले, तर किती चढा हे वाचकाला कळत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या श्रुतीत चौपटीहून अधिक फरक आहे.

म्हणून लेखकांना आणि शिक्षकांना माझी सूचना आहे. धैवत चढा की उतरा हे सांगताना तो कोणत्या स्वराशी जुळवला, तेही सांगावे : ‘रिषभाच्या पंचमाने लागलेला धैवत’ किंवा ‘मध्यमाच्या गंधाराने लागलेला धैवत’. वाक्य थोडे लांबेल, पण विद्यार्थी तंबोरा घेऊन ते पडताळून पाहू शकेल. प्रमाणश्रुती ही गाण्याची पायरी नव्हे. एकाच नावाच्या स्वराकडे जाणाऱ्या दोन वाटा जिथे पोचतात, त्या दोन जागांमधले ते अंतर आहे. वाट कोणती, हे भाषेने सांगितले पाहिजे.