शाळेतील प्रिंटर आणि अधिकारांची विभागणी

निकालानंतरच्या दिवसांत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीतील कोणत्याही शाळेच्या कार्यालयात दाखल्यांसाठी पालकांची रीघ लागते. अशा वेळी एखादे काम प्रिंटरच्या रांगेत अडकले, की त्यामागील सर्व दाखले खोळंबतात. ते रद्द करण्याचा अधिकार एकट्या संगणक शिक्षकांकडे असला आणि ते रजेवर असले, तर यंत्र सुस्थितीत असूनही कामकाज थांबते.

यावर मुख्य प्रशासकाचा पासवर्ड सर्वांना सांगून टाकणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्यायोगे गुणपत्रकांसह सारी माहिती खुली होते आणि कोणी काय केले, याचा मागही राहत नाही.

तीन पायऱ्या

विंडोज प्रणालीत प्रिंटरचे मुख्यतः तीन अधिकार असतात. पहिला छपाईचा, तो सर्वांना असतो आणि स्वतः पाठविलेले काम प्रत्येकास रद्द करता येते. दुसरा रांगेतील इतरांची कामे थांबविण्याचा वा रद्द करण्याचा. तो लिपिकास देणे पुरेसे ठरते. तिसरा प्रिंटरची मांडणी बदलण्याचा. तो मात्र जपूनच द्यावा. या अधिकाराने छापलेली कामे रांगेत साठवून ठेवण्याची सोय सुरू करता येते, आणि मग प्रश्नपत्रिकेची प्रत पुन्हा काढणे अवघड राहत नाही. लिनक्सवरील 'कप्स' प्रणालीतही प्रिंटरच्या व्यवस्थापनासाठी वेगळा गट नेमता येतो.

दक्षता

सर्व्हरवरील 'प्रिंट ऑपरेटर्स' हा तयार गट सोयीचा वाटला, तरी त्याच्या सदस्यांना डोमेनच्या मुख्य सर्व्हरवर प्रवेश करता येतो. म्हणून शाळेने स्वतंत्र गट निर्माण करणे श्रेयस्कर. 2021 साली विंडोजच्या छपाई सेवेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी उघडकीस आली. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून प्रिंटरचे ड्रायव्हर बसविण्यासाठी प्रशासकाचा अधिकार आवश्यक करण्यात आला. हे बंधन गैरसोयीचे म्हणून शिथिल करू नये. ड्रायव्हर प्रशासकाने आधीच बसवून ठेवावेत.

अधिकार व्यक्तीस न देता गटास द्यावा, गटात किमान दोन जण असावेत आणि मुख्याध्यापकांनी तशी लेखी नोंद ठेवावी. बदली वा निवृत्ती होताच ते नाव गटातून वगळावे. कपाटाच्या किल्ल्या सोपविताना जी शिस्त शाळा पाळते, तीच येथेही पाळली, तर दाखला वेळेवर मिळेल आणि प्रश्नपत्रिकेची गोपनीयताही अबाधित राहील.