जनरेटरचे जुने भाग घेताना



जुनं ते सोनं, असं आपण म्हणतो. पण सोनंसुद्धा कसोटीवर घासल्याशिवाय कोणी घेत नाही. यंत्राच्या जुन्या भागाचंही तसंच आहे.

समजा, दूध संकलन केंद्रावर संध्याकाळचं दूध जमलं आहे, वीज गेली आहे, आणि जनरेटरही ऐन वेळी बंद पडला. मिस्त्री उघडून पाहतो आणि म्हणतो, "क्रँक गेला. नवा महाग पडेल, जुना पाहू या." इकडे दूध नासायची धास्ती, त्यामुळे घाई होते, आणि घाईत फसगत होते. म्हणून या गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

जनरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, दोन. एक डिझेलचं इंजिन आणि दुसरा त्याच्या जोरावर फिरून वीज निर्माण करणारा अल्टरनेटर. दोन्हींवर धातूची पाटी असते. बाजाराला निघण्यापूर्वी तिच्यावरचा मजकूर कागदावर उतरवून घ्या. मॉडेल, नंबर, केव्हीए, व्होल्ट, सिंगल फेज की थ्री फेज, आणि मिनिटाचे फेरे. शिवाय बिघडलेला भाग पोत्यात घालून बरोबर न्या. तोंडी वर्णनावर माप जुळत नसतं.

फेऱ्यांच्या आकड्याकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर जरूर घालावं : १२० ला ५० नं गुणायचं आणि अल्टरनेटरच्या ध्रुवांच्या संख्येनं भागायचं. चार ध्रुव असतील तर १५०० फेरे येतात, दोन असतील तर ३०००. आता ३००० फेऱ्यांचा अल्टरनेटर स्वस्तात मिळाला म्हणून १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला थेट जोडला, तर आवर्तनं २५ च मिळतील. त्यावर ना मोटर नीट चालेल, ना पंप.

मग जुनं काय घ्यावं? फ्लायव्हील, डिझेलची टाकी, खालचा सांगाडा, रेडिएटर, हेड, क्रँक, हे भाग पारखून घेता येतात. क्रँक दोरीला टांगून हलक्या हातोडीनं वाजवा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा गेल्याचा संशय धरा. मात्र चांगला नाद म्हणजे पक्की खात्री नव्हे. क्रँक लेथवाल्याकडे नेऊन त्याची गोलाई मायक्रोमीटरनं मोजून घ्या. पूर्वी घासलेला असेल, तर किती, ०.२५ की ०.५० मिलिमीटर, ते विचारा. कारण बेअरिंग त्याच मापाचं लागतं. हेडवर सरळ पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का पाहा, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत बारीक चीर शोधा. तडा बहुधा तिथंच जातो.

अल्टरनेटर घेताना आधी नाकाचा उपयोग करा. जळका वास आला किंवा वायंडिंग काळवंडलेलं दिसलं, तर पुढं बोलणंच नको. शाफ्ट वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर बेअरिंग संपलं आहे. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजून घ्या. तो एक मेगओहमच्या खाली नसावा. मोजण्यापूर्वी व्होल्टेज रेग्युलेटर आणि डायोड सोडवून ठेवायला सांगा, नाही तर तपासणीतच ते जळायचे.

काही भाग मात्र फुकट दिले तरी जुने घेऊ नका. बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, ऑइल सील, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, फिल्टर, पट्टे आणि कार्बन ब्रश. हे झिजण्यासाठीच असतात. चालत्या इंजिनात जुना बोल्ट तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

किंमत ठरवताना घासण्याची मजुरी आणि गाडीभाडं त्यात मिळवा, मगच नव्या भागाशी तुलना करा. भागाचा नंबर घातलेली पावती घ्या. बसला नाही तर परत घेण्याची बोलीही तिच्यावर लिहून घ्या. पावती द्यायला कोणी कां-कूं करत असेल, तर माल चोरीचा असू शकतो. तिथून उठावं हे उत्तम.

शेवटची गोष्ट पैशाची नाही. जनरेटर आणि सरकारी वीज यांची अदलाबदल करणारा चेंजओव्हर स्विच कधीही जुना घेऊ नका. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले, तर आपली वीज उलटी तारेवर जाते, आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढून ११,००० व्होल्टची होऊ शकते. त्या वेळी वीज बंद आहे असं समजून कोणी लाइनमन खांबावर चढलेला असेल. तो बिचारा आपल्याच घरात उजेड यावा म्हणून चढलेला असतो. तेव्हा बाकी कुठंही काटकसर करा, पण हा स्विच नवा घ्या आणि परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या.