टीएसएच जास्त, हिमोग्लोबिन कमी : दोन कागद एकत्र वाचा

देवपूरहून, धुळ्यातून किंवा आजूबाजूच्या खेड्यांतून सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या अनेक महिलांच्या पिशवीत हल्ली दोन रिपोर्ट असतात. एकावर टीएसएच ठळक अक्षरात, दुसऱ्यावर हिमोग्लोबिन. तक्रारी सारख्याच : थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, पाळीत जास्त रक्तस्राव. थायरॉइड मंदावला तरी हे होते आणि लोह कमी पडले तरी होते. नुसत्या लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखणे कठीण, म्हणून रक्त तपासावे लागते. पण तो आकडा काय सांगतो, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेले नसते.

आधी रक्ताचे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. पण हिमोग्लोबिन हे रोजच्या भाकरीचे पीठ आहे. कणगीत धान्य किती उरले ते फेरिटिन सांगते. कणगी रिकामी होत आली तरी काही महिने भाकरी थापली जातेच. म्हणून हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन ८ असा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवू नये. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपल्यातच जमा, आणि ३० च्या खाली असेल तरी मी लोहाची कमतरता धरूनच चालतो. एक मेख मात्र आहे. ताप, जंतुसंसर्ग, संधिवात अशा आजारांत फेरिटिन खोटे वाढते. तापात केलेल्या तपासणीत ते चांगले दिसले म्हणून हुरळून जाऊ नये.

त्याच कागदावर एमसीव्ही असतो, म्हणजे लाल पेशीचा आकार. तो ८० च्या खाली आणि फेरिटिनही कमी, तर लोहाची कमतरता. एमसीव्ही कमी पण फेरिटिन व्यवस्थित, तर थॅलेसेमियाचे वाहक असण्याची शक्यता तपासावी. तिथे लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊनही फरक पडत नाही. शिरपूर, साक्री आणि शेजारच्या नंदुरबारच्या आदिवासी भागातील कुटुंबांनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ कडे, आणि हो, थायरॉइडकडेही पाहावे.

आता टीएसएच. ‘माझा थायरॉइड वाढलाय’ असे सांगत येणाऱ्या बहुतेकींचा थायरॉइड खरे तर कमी झालेला असतो. टीएसएच हा थायरॉइडचा नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा स्राव. थायरॉइड सुस्तावला की पिट्युटरी त्याला जोराने हाका मारते, आणि टीएसएच वाढतो. साधारण ०.४ ते ४.५ ही मर्यादा. टीएसएच ६ किंवा ७ आणि फ्री टी-४ व्यवस्थित असेल, तर घाई न करता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावा. अनेकदा तो आपोआप खाली येतो. एका रिपोर्टवर जन्मभराची गोळी सुरू करणे मला पटत नाही. १० च्या वर गेला की सहसा उपचार लागतात. गरोदर महिलांची गोष्ट वेगळी. त्यांनी थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधी बंद करा, त्यांनी टीएसएचचा आकडा चुकू शकतो.

दोन्ही कागद एकत्र वाचायचे ते यासाठी : थायरॉइडचे संप्रेरक बनवणाऱ्या विकराला लोह लागते, आणि थायरॉइड मंदावला की पाळीत जास्त रक्त जाऊन लोह आणखी घटते. एक दुखणे दुसऱ्याला पोसते. घोटाळा होतो तो गोळ्यांच्या वेळेत. थायरॉइडची गोळी, आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम, सगळ्या सकाळी एकदमच पाण्याबरोबर गिळल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच बांधून ठेवतात, ती रक्तात नीट उतरत नाही. मग टीएसएच खाली येत नाही आणि डोस उगाच वाढवला जातो.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर अनशापोटी साध्या पाण्याने घ्यावी आणि चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळी किमान चार तासांनंतर, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. चहाबरोबर मुळीच नको. कॅल्शियम रात्री. डोस बदलला तर टीएसएच सहा आठवड्यांनीच तपासावा, आधी तपासून पैसे वाया जातात. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही लोहाच्या गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्यात, कारण कणगी नंतर भरते.

पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या बाईचे लोह कमी आले, तर मात्र नुसत्या गोळ्या घेऊन घरी बसू नये. रक्त कुठून जाते आहे ते शोधावे लागते : मूळव्याध, पोटातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोग. शौच काळी होते का, वजन घटले का, हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा.