गोळीबाराचा गेम: घ्यावा की नको?

दहावीची परीक्षा संपली, की घरोघरी एक मागणी पुढे येते. पूर्वी ती सायकलची असे, आता ती गेमची असते. गेम म्हणजे पत्ते-कॅरम नव्हे बरं का! अंतराळातली लढाई, हातात बंदूक आणि समोर परग्रहावरचे शत्रू. ‘कशाला ते मेलं ढिशांव ढिशांव!’ असं म्हणून आपण विषय संपवतो. पण मैत्रिणींनो, विषय संपत नाही. मुलगा मित्राकडे जाऊन खेळतो, नाहीतर मोबाईलवर फुकटातला एखादा उतरवून घेतो, आणि तो काय खेळतो हे आपल्याला कळतही नाही. तेव्हा साडी घेताना आपण पोत, काठ, पदर पाहतो, तसा हाही माल एकदा उलगडून पाहू या.

नमुन्यादाखल एक गाजलेलं नाव घेते, ‘हेलो’. फोनवरचं हॅलो नव्हे. देवादिकांच्या मस्तकामागे दाखवतात ते तेजोवलय. या कथेत अवकाशात तरंगणारं एक अजस्र कडं आहे. त्याचा व्यास १० हजार किलोमीटर, आणि आतल्या अंगाला डोंगर, समुद्र, जंगलं. त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या बंजी कंपनीने केलेला पहिला भाग नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सबरोबर आला. पुढे भागांमागून भाग निघाले, आणि २०१४ साली जुने भाग एकत्र करून ‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’ हा संच काढला. सुरुवातीला इंटरनेटवर खेळणाऱ्यांचे त्यात फार हाल झाले, पण नंतर दुरुस्त्या होत गेल्या. २०१९ पासून तो संगणकावरही येऊ लागला. आता एका किमतीत त्यात सहा गेम मिळतात.

आत काय आहे? काळ सव्विसाव्या शतकाचा. मास्टर चीफ हा चिलखत घातलेला सैनिक, आणि त्याच्या सोबतीला कोर्टाना ही बोलणारी संगणकबुद्धी. खेळणारा म्हणजेच हा सैनिक. मात्र नुसत्या गोळ्या झाडत सुटलं, की तो लगेच मरतो. एका वेळी दोनच शस्त्रं जवळ बाळगता येतात. अंगावरचं संरक्षक कवच संपत आलं, की आडोशाला जाऊन ते भरेपर्यंत दम धरावा लागतो. शत्रूचा म्होरक्या पडला, की बारकी मंडळी किंचाळत पळत सुटतात, म्हणजे आधी कोणाला गाठायचं याचा विचार आलाच.

पण गोडगोडच सांगणार नाही. मारामारी आहे, रक्त आहे. पहिल्या भागाच्या मध्यावर दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेणारे किळसवाणे जीव येतात. लहान मूल रात्री दचकून उठेल! या संचावर युरोपातल्या परीक्षकांनी १६ वर्षांचा शिक्का मारला आहे, तर अमेरिकेतल्यांनी १७ वर्षांचा. म्हणजे दहावी झालेला मुलगा अगदी उंबरठ्यावर उभा आहे. सहावी-सातवीतल्याने कितीही हट्ट केला, तरी उत्तर ‘नाही’ हेच.

‘अशाने मुलं हिंसक होत नाहीत का?’ असं तुम्ही विचाराल. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली सांगितलं, की अशा खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पण आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी त्यांचा लहानसा संबंध दिसतो. शाळेत शिकवताना माझं मत असं झालंय, की मूल काय खेळतं याइतकंच ते कुणाबरोबर आणि किती वेळ खेळतं, हेही पाहावं.

इथेच हा संच मला उजवा वाटतो. एक्सबॉक्सवर दूरदर्शनचा पडदा दोन भागांत विभागून दोघांना शेजारी बसून सबंध कथा खेळता येते. बहीण-भाऊ खेळतील, बाप-लेकही खेळतील. त्यानंतरच्या ‘हेलो इन्फिनिट’मध्ये (२०२१) कथेपुरती ही सोय देण्याचं कंपनीने कबूल केलं होतं, पण २०२२ मध्ये तो बेतच रद्द केला. मग ज्याने त्याने आपापल्या खोलीत दार लावून बसायचं!

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेची. घरातली निम्मी भांडणं तिथेच होतात. कथेचा खेळ बटण दाबून थांबवता येतो, आणि पहिल्या भागाचे सरळ १० टप्पे आहेत. ‘एक टप्पा संपला, की पानावर ये’ हा करार पाळता येतो. इंटरनेटवर अनोळखी माणसांशी चाललेला सामना मात्र थांबत नाही. मूल ‘पाच मिनिटं, आई!’ म्हणतं, ते तेव्हा खरंच बोलत असतं. म्हणून पहिले काही महिने फक्त कथा खेळायची, अनोळखी माणसांशी बोलणं सेटिंगमध्ये बंद ठेवायचं, आणि हे गेम आणण्याआधीच ठरवायचं.

आता खर्चाचं पाहू.

१. घरी एक्सबॉक्स असेल, तर हा संच खुशाल घ्या. केवळ यासाठी एक्सबॉक्स विकत आणू नका. तो पांढरा हत्ती ठरेल.

२. संगणक असेल, तर ग्राफिक्स कार्ड चालेल का, ते जाणत्याकडून पाहून घ्या. सगळे सहा गेम १०० जीबीहून अधिक जागा खातात, एकेकच भरावा. पडदा विभागायची सोय संगणकावर नाही.

३. प्लेस्टेशनवर किंवा मोबाईलवर हा संच चालत नाही. दुकानदार काहीही म्हणो!

४. स्टीम या दुकानातून घेतल्यास १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल, तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास तुम्ही शेजारी बसून पाहा. तिथे अधूनमधून सवलतीही लागतात, घाई नको.

तेव्हा माझं उत्तर असं: दहावी पार केलेल्या मुलासाठी वा मुलीसाठी, खेळायचं साधन घरात असेल आणि ते दिवाणखान्यात ठेवायची तयारी असेल, तर पैसे वसूल आहेत. दार लावूनच खेळायचं असेल, तर त्या पैशांत सायकल घ्यावी.