रोज अर्धा तास कीबोर्डवर

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल चालू असताना कधी डोकावून बघा. बऱ्याच ठिकाणी एका कॉम्प्युटरसमोर तिघं-चौघं बसलेले दिसतात. कीबोर्ड एखाद्या मुलाच्या ताब्यात आणि शेजारची मुलगी सुवाच्य अक्षरात जर्नल उतरवतेय. जर्नल देखणं, मार्क चांगले, प्रोग्रॅम तोंडपाठ! पण उद्या मुलाखतीत कुणी म्हटलं, "हाच प्रोग्रॅम जरा बदलून दाखव," की पोरगी गप्प. ती हुशारीत कुठेच कमी नसते. तिच्या बोटांना सवयच लागलेली नसते, एवढंच.

प्रोग्रॅमिंग म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचा विषय नव्हे. ते पोळ्या लाटण्यासारखं आहे. पुस्तकात वाचून पोळी गोल होत नाही आणि एकाच दिवशी शंभर लाटल्या म्हणूनही हात बसत नाही. रोज चार लाटाव्या लागतात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हेच मांडलं होतं. एकदम रट्टा मारण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून केलेलं पाठांतर जास्त टिकतं. म्हणून रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा.

आता तुम्ही म्हणाल, "हे आम्हाला काय कळणार?" कळतं हो! कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता ना? महिना ३१ दिवसांचा, रोज दीड लिटर, भाव ६० रुपये आणि खाडे चार. म्हणजे २७ दिवसांचे साडेचाळीस लिटर, बिल २४३० रुपये. प्रोग्रॅममध्ये याहून वेगळं काय असतं? भाव आणि लिटर यांना नाव देऊन ठेवायचं, त्याला म्हणतात व्हेरिएबल. एक तारखेपासून ३१ तारखेपर्यंत एकेक दिवस बघत जायचं, हा झाला लूप. 'खाडा असेल तर धरू नको' ही झाली अट. मुलीला सांगा, पाठ्यपुस्तकातलं उदाहरण राहू दे, आधी आपल्या दुधाचा हिशेब करून दाखव. पुढच्या महिन्यात भाव वाढला की एक आकडा बदलायचा आणि बिल तयार. 'बदलून दाखव'ची भीती अशीच जाते.

शिकायचं कुठून? मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प खास अशा मुलांसाठीच आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, तेही फुकट, आणि त्यातल्या अनेक पाठांचं निवेदन मराठीतही आहे. पद्धत सोपी. अर्ध्या पडद्यावर पाठ बघायचा, थांबवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून बघायचं. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून आहे. तिथेही शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

घरी कॉम्प्युटर नाही? बहुतेक अँड्रॉइड मोबाइलना छोट्या ओटीजी वायरने साधा कीबोर्ड जोडता येतो. 'पायथन' ही भाषा मोबाइलवरही चालते. सोय अगदी राजेशाही नाही, पण सरावाला पुरते. तेवढंही जमत नसेल त्या दिवशी वहीत प्रोग्रॅम लिहून ओळीओळीने त्याचं उत्तर काय येईल ते काढायचं. एसटीतसुद्धा होतं हे!

एक गोष्ट मात्र मुलींना आवर्जून सांगायला हवी. पडद्यावर लाल अक्षरं उमटली की त्या दचकतात, कॉम्प्युटर बिघडला असं समजून बंद करतात. अगं, ती तक्रार नाही, तो पत्ता आहे! चूक कुठल्या ओळीच्या आसपास आहे ते त्यात लिहिलेलं असतं. कंस मिटवायचा राहिला असेल, नाहीतर कोलन विसरला असेल. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्रात चक्क एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपणही तेच करावं. रोजची एक चूक आणि ती कशी सुटली, दोन ओळींत लिहून ठेवावी. महिनाभराने ती वही कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी पडते.

आणि 'हे काम मुलींचं नाही' असं कुणी म्हणालंच, तर सांगा की १९४५-४६ मध्ये 'एनिॲक' या गाजलेल्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा तरुणींनी केलं होतं. हाताशी ना पुस्तक, ना क्लास. यंत्राचे नकाशे वाचून त्या शिकल्या.

आता नवा मोह आहे तो एआयचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न टाकला की तयार प्रोग्रॅम हातात पडू लागला. ते वापरू नये असं नाही. पण उत्तर मागण्याआधी वीस मिनिटं स्वतः झगडायचं, आणि मग विचारायचं, "माझी चूक कुठे आहे ते समजावून सांग." नुसतं उतरवून काढलं तर जुन्या जर्नलमध्ये आणि यात फरक काय राहिला?

मॅडम लोकांचीही अडचण समजून घ्यायला हवी. स्वतःच्या शिक्षणात सी भाषा, निळ्या पडद्याचा टर्बो सी. आता अभ्यासक्रमात पायथन आणि डेटा सायन्स. कित्येक जणी तासिका तत्त्वावर, त्यात घर, मुलं, पेपर तपासणी. त्यांनीही रोजची वीस मिनिटं काढावीत, स्टाफरूममधल्या एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन. आणि वर्गात तयार प्रोग्रॅम फळ्यावर लिहून देण्याऐवजी मुलांसमोर टाइप करावा. एरर आली तर येऊ द्या! मॅडमनाही एरर येते आणि त्या शांतपणे ती सोडवतात, हे बघूनच अर्धा वर्ग सुधारतो. प्रॅक्टिकलला दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढा नियम केला तरी जर्नलवाल्या मुलीला तिचा वाटा मिळेल.

राहता राहिलं घर. मुलगा अभ्यासाला बसला की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलगी बसली की "जरा भाजी निवडून दे गं" ही हाक येतेच. तिचा अर्धा तास असा तुकड्या-तुकड्यांत संपतो. प्रोग्रॅमचा धागा मनात धरून ठेवावा लागतो. एकदा तुटला की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा वेळ ठरवून टाका, संध्याकाळी सात ते साडेसात म्हणा. तेवढ्यात तिला हाक मारायची नाही, मोबाइलही तिच्याकडेच. साडेसातला मात्र तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आज काय केलंस, मला सांग बघू." तुम्हाला समजेल अशा शब्दांत तिला सांगता आलं, तर तिलाही ते समजलं म्हणायचं. दुधाचं बिल तपासायला तर तुम्ही आहातच!