मनाचाही राखणदार

सिल्लोड तालुक्यातील शेतवस्तीवर कुत्रा असणे ही नवलाईची गोष्ट नाही. मका-कपाशीच्या शेताची राखण करावी, रात्री-अपरात्री येणाऱ्या रानडुकरांची चाहूल द्यावी, एवढेच त्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि हा मुका प्राणी माणसाच्या मनालाही आधार देऊ शकतो, हे शास्त्रीय अभ्यासांतून दिसून आले आहे. पावसाचा खंड, बाजारभावातील चढउतार व कर्जाचे हप्ते यांमुळे ज्यांचे मन सदैव धास्तावलेले असते, त्यांनी ही बाब अवश्य जाणून घ्यावी.

काळजी केव्हा आजार ठरते?

उद्याची काळजी कोणाला नसते? परंतु ती मनाचा पिच्छा सोडीनाशी झाली, छातीत धडधड, झोपमोड व चिडचिड नित्याचीच होऊन कामात अडथळा येऊ लागला, म्हणजे तिला आजाराचे स्वरूप येते. असा माणूस लोकांत मिसळणे टाळतो आणि एकटेपणामुळे त्याची चिंता अधिकच वाढते.

सोबतीचा गुण

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी बालकांच्या उपचारांत आपल्या 'जिंगल्स' या कुत्र्याचे साहाय्य घेतले व १९६२ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात, कुत्र्या-मांजरांना अवघी १० मिनिटे कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेतील 'कॉर्टिसॉल' या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटल्याचे आढळले. महाराष्ट्रात 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' या संस्थेने प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने असे कार्य केले आहे.

याचे मर्म साधे आहे. कुत्रा प्रश्न विचारीत नाही, दोष देत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरविताना श्वास संथ होतो. त्याला वेळेवर भाकरी घालणे व फिरावयास नेणे यामुळे विस्कळीत दिवसाला शिस्त लागते. वाटेत शेजारी भेटतात, दोन शब्द बोलले जातात आणि एकटेपणाची कोंडी फुटते.

दक्षता आवश्यक

कुत्रा हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्याच्यावर ही सोबत लादू नये. पाळलेल्या कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीज प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

चिंता अनावर झाल्यास सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. तेथे मराठीतूनही बोलता येते. दाराशी बसलेला इमानी सोबती मनाला उभारी देईल. परंतु मनातील व्यथा बोलून दाखविण्याचे पाऊल माणसाने स्वतःच उचलावयास हवे.