वेबसाइटचा प्लॅन घेताना

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत. परगावचा खरेदीदार आता त्यांची माहिती आधी वेबसाइटवर शोधतो. ती उभी करताना पहिला गोंधळ होतो तो डोमेन आणि होस्टिंग यांत. डोमेन हा पत्ता. होस्टिंग ही सर्व्हरवरची भाड्याची जागा. दोन्हींची मुदत वेगळी, बिलंही वेगळी. ऑगस्ट 2014 मध्ये देवनागरीतलं ‘.भारत’ डोमेनही सुरू झालं. म्हणजे पत्ता मराठीतही घेता येतो!

शेअर्ड होस्टिंग हे वसाहतीतल्या सामाईक शेडमधल्या गाळ्यासारखं: भाडं कमी, पण वीज-पाणी सगळ्यांत वाटलेलं. शेजारच्या साइटवर गर्दी उसळली की आपलीही मंदावते. व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हरमध्ये मेमरी आणि प्रोसेसरचा ठरावीक वाटा आपल्यासाठी राखलेला असतो. चार पानांच्या माहितीपर साइटला शेअर्ड पुरतं.

बँडविड्थचं, म्हणजे साइटवरून जाणाऱ्या डेटाचं, गणित मात्र स्वतः मांडावं. 5 एमबीचा कॅटलॉग महिन्यात हजार जणांनी उतरवला, तर सुमारे 5 जीबी डेटा जातो. जाहिरातीतल्या ‘अनलिमिटेड’लाही अटींमध्ये बहुधा मर्यादा घातलेली असते.

99.9 टक्के अपटाइम भक्कम वाटतो. तरी 30 दिवसांत साइट 43 मिनिटं बंद राहू शकते.

साइटची जोडणी सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून मोफत मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहा, आणि डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवून घ्या.